पडदे काढलेला बास

हिंगोलीत पहिली दोन वर्षं मी बास गिटार वाजवला आणि तो कुणीही ऐकला नाही. हे मी रागानं म्हणत नाही. ऐकू येण्याची सोयच नव्हती. आमच्या मालकांचा मूळ धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. त्यांच्याकडे होते ते भोंगे, सप्त्याला आणि निवडणुकीला लागतात तसले, लांब नळीचे. भोंग्यातून माणसाचा आवाज दोन शिवारं ओलांडून जातो, पण बासचा जाड सूर त्याच्या तोंडातून बाहेर पडत नाही. मी तार ओढायचो आणि भोंगा नुसता खरखरायचा. मी हे भीत भीत मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "वाजवून राहिलास ना? मग झालं. गिटारवाला उभा असला की ऑर्केस्ट्रा वाटते, न्हाईतर लोकं भजनी मंडळ समजतेत."

म्हणजे मला ठेवलं होतं ते दिसण्यासाठी. मला त्याचंही बरंच वाटायचं. आठवीत शाळा सुटलेल्या पोराला कुणी दिसण्यासाठी का होईना, ठेवतंय तर खरं.

मी मूळचा कोकणातला, गोव्याच्या हद्दीजवळचा. आमच्या गावात जहाजावरच्या बँडमध्ये वाजवून परत आलेले एक वयस्क गृहस्थ होते. बोटं वळेनाशी झाल्यावर त्यांनी त्यांचा बास मला शिकवला आणि शेवटी देऊनच टाकला. माझा मामा रस्त्याच्या कंत्राटदाराकडे रोलरवर होता. त्याचं काम हिंगोलीकडे निघालं तेव्हा हाताखाली म्हणून तो मला घेऊन आला. बास मी चटईत गुंडाळून आणला. परभणीला एसटीत चढताना कंडक्टरनं विचारलं, "हे काय, कीर्तनाला चालले का महाराज?" मी हो म्हणालो. नव्या मुलखात पहिल्याच माणसाशी वाद कशाला.

रस्ता झाला, मामा पुढच्या कामावर गेला, मी राहिलो. त्या सुमारास मालकांनी मंडपाच्या जोडीला ऑर्केस्ट्रा काढला होता. एक गायक, एक गायिका, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवर मास्तर. मास्तर हिंगोलीचेच, वयानं मोठे, तोंडात सदा सुपारी. ते माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि मला बाबू म्हणायचे. मी वाजवलेलं ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण मी चुकलो तर मास्तरांना कळायचं, कारण ते माझ्या बोटांकडे बघायचे.

पुढं मालकांनी बासच्या बॉक्सला होकार दिला, तो माझ्या सांगण्यावरून नाही. नांदेडहून आलेल्या एका पार्टीचे मोठे बॉक्स बघून त्यांना ईर्षा वाटली म्हणून. बॉक्स हिंगोलीच्याच एका सुताराकडे केला. स्पीकर मोठा आणला होता, पण पेटी रिकामी असल्यामुळे आतून ठोकल्यासारखा आवाज यायचा. आतल्या बाजूला काहीतरी मऊ लावावं लागतं हे मला गावाकडच्या माझ्या जहाजवाल्या उस्तादांनी सांगून ठेवलं होतं. बाहेरच्या शहरात त्यासाठी वेगळा फोम मिळतो म्हणे. इथं सुतार म्हणाला, "कापसाच्या मुलखात येऊन फोम काय मागतूस?" जिनिंगवरून एका पोत्यात सरकी काढलेला कापूस आणला आणि पेटीच्या आत जाळी लावून भरला. मी आजही म्हणतो, त्या बॉक्ससारखा गोड बॉक्स मी पुन्हा वाजवला नाही. दोन माणसांना उचलता उचलता घाम फुटायचा, ते वेगळं.

कळमनुरीच्या बाजारादिवशी एका दुकानाच्या उद्घाटनाला तो पहिल्यांदा वाजला. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ स्टेजजवळ आले. डोक्याला टापर, हातात भाजीची पिशवी. मला वाटलं पावती फाडायला आले. ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्याच्या आधी ते खालून टुंग टुंग येतंय ना, ते राहिलं तुमचं."

खरंच राहिलं होतं. त्या जागी बॉक्सची वायर ढिली झाल्यासारखी वाटली म्हणून मी खाली वाकलो होतो. मी त्यांची माफी मागितली आणि टेम्पोच्या मागं जाऊन एकटाच हसत बसलो. राहिलेलं कळलं, म्हणजे बाकीचं ऐकू आलं होतं.

सामानाबद्दल माझी मतं तेव्हापासून पक्की आहेत आणि कुणी विचारलं तर मी ती सांगतोच. महागडं गिटार नंतर घ्यावं, आधी बॉक्स. आणि बॉक्सच्याही आधी वायर. आमच्या कार्यक्रमांत जेवढे विचके झाले त्यातले बहुतेक वायरीमुळे झाले, बाकीचे लाइटीमुळे. खेड्यात जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईवर मी मीठ घालून तांब्याभर पाणी ओततो, नाहीतर बॉक्स घुमत राहतो आणि माइकला ओठ लागला की गायक उडी मारतो. लोक म्हणायचे, गिटारवाला पूजा करून राहिला. करू दे म्हणायचो. गायक जिवंत राहिला पाहिजे.

तारांचं वेगळंच. बासच्या तारा जाड, त्यात घाम आणि धूळ बसते आणि सूर मेल्यासारखा होतो. नव्या तारा इथं मिळत नसत. उस्तादांनी उपाय सांगितला होता की जुन्या तारा काढून उकळत्या पाण्यात घालाव्यात, मळ सुटतो, पुन्हा वाजायला लागतात. मी मालकांच्या घरी चुलीवर पातेलं मागायचो आणि मालकीणबाई मला शिव्या घालायच्या. एकदा शिरड शहापूरला लग्नाचा कार्यक्रम होता आणि ज्यांच्या मळ्यात आम्हांला उतरवलं तिथं हळद शिजवणं चालू होतं. एवढी मोठी कढई, खाली जाळ, पाणी खळखळा उकळतंय. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी मळेवाल्याच्या परवानगीनं तारा धडप्यात बांधून कढईत सोडल्या. म्हातारे शेतकरी काठीनं हळद हलवत विचारायचे, "शिजली का रे तुझी तार? का अजून कडक हाय?" तारा स्वच्छ झाल्या खऱ्या, पण पिवळ्याधमक. त्या दिवशी वाजवता वाजवता माझी दहाही बोटं पिवळी झाली. नवरीकडच्या बायकांना वाटलं, नवरदेवाची उष्टी हळद मीच लावून घेतली. मग पुढचा मोसम मला सगळीकडे एकच विचारणा, तुझं कधी?

आता गाण्यांचं. लोक विचारतात, सगळी दुसऱ्याची गाणी वाजवता, त्यात तुमचं काय? मला हा प्रश्न कधी बोचला नाही. गाणं कुणी बांधलं हे आमच्या मंडपात कुणी विचारत नसे. त्या गाण्यावर आपण कुठं होतो हे प्रत्येकाला ठाऊक असे. कुणी पहिल्या ट्रॅक्टरवर ते लावलं होतं, कुणी बसस्टँडवर बायकोची वाट बघताना हॉटेलातून ऐकलं होतं. त्यांना गाणं जसंच्या तसं पाहिजे. सुरुवातीची बासरी थोडी जरी वेगळी वाजली तरी मागच्या रांगेतून आवाज यायचा, "कॅसेटीत असं न्हाई." म्हणून माझं मत असं आहे की दुसऱ्याचं गाणं वाजवताना बासवाल्यानं हुशारी करू नये. कॅसेटीत जिथं तो गप्प आहे तिथं गप्प राहावं. गप्प राहणं मला आलं ते या जिल्ह्यात.

पण कॅसेटवरून खालचा सूर उचलायचा म्हणजे तकलीफ. माझ्याकडे एक साधा टेपरेकॉर्डर होता. मी तो लोखंडी कपाटावर ठेवायचो आणि कपाटाला कान लावायचो. बासचा सूर पत्र्यातून बराबर कळतो. अडचण लाइटीची होती. संध्याकाळी विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की दाब पडायचा, टेप हळू व्हायचा आणि गाण्याचा सूर हळूहळू खाली उतरायचा. माझ्या बासला पडदे होते, म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या, ज्यांच्यामुळे बोट कुठंही पडलं तरी सूर ठरल्या जागीच लागतो. गाणं दोन पडद्यांच्या मध्ये गेलं की मला थांबून दाब वाढायची वाट बघावी लागायची.

दोन हजार सालाच्या पुढं कधीतरी, एका कडक उन्हाळ्यात त्या पडद्यांनी जीव सोडला. कोकणातल्या दमट हवेत वाढलेलं लाकूड, ते इथल्या उन्हानं आटलं. पडद्यांची टोकं कडेनं बाहेर आली आणि बोटांची सालं काढायला लागली. काही पडदे उचलले गेले, तार त्यांच्यावर घासून चरचरायची. नांदेडला दुरुस्तीवाल्याला दाखवला तर तो म्हणाला मुंबईला पाठवा. मुंबईला कुणाकडे पाठवू? मग मी बॉक्सवाल्या सुताराकडेच गेलो. आम्ही दोघांनी पकडीनं एकेक पडदा उपटला, खाचांत सागाचा भुसा आणि सरस भरला आणि वर पॉलिश मारलं. मानेवर फिकट रेघा तेवढ्या राहिल्या. सुतार म्हणाला, "आता कसं गुळगुळीत झालं."

गुळगुळीत झालं, आणि पहिल्याच तालमीत सगळं घसरलं. पडदे नसले की बोट केसभर जरी चुकलं तरी सूर चुकतो. मालक दारातून आत आले आणि म्हणाले, "हे कोणाची म्हैस हंबरून राहिली?"

मी म्हणालो, "मालक, जरा दम धरा, जमेल."

"लग्नं दम धरतेत का?"

त्यांचंही चूक नव्हतं. एकदोन कार्यक्रमांत माझ्यामुळे गायकाचा सूर हलला. गायक स्टेजवरच माझ्याकडे वळून बघायचा. मग मालक एका सकाळी हैदराबादहून नवा कीबोर्ड घेऊन आले. त्यात बोट ठेवलं की ताल आपोआप, आणि तालाखाली बासही आपोआप. मास्तरांनी एक बटण दाबलं आणि माझं सगळं काम त्या डब्यातून यायला लागलं, पडद्यावर बसवल्यासारखं नेमकं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बटण बंद केलं आणि सुपारी कातरत बसले.

मालक मला बाहेर घेऊन गेले. ते वाईट माणूस नव्हते, म्हणून त्यांना बोलायला वेळ लागला. "हे बघ, पोरा. तू लेकरासारखा हाईस. पण दोघं दोघं बास वाजवून काय करायचं? हा एवढा मोसम सामान उचलायला राहा. मग नागपंचमीच्या आधी गावाकडं जा. तुझे मायबाप हाईत तिकडं."

मी मान डोलावली. मला वाद घालता येत नाही, कधीच आला नाही. त्या आठवड्यात एसटीडी बूथवरून घरी फोन केला. आमच्या शेजारच्या दुकानात फोन होता, ते आईला हाक मारून बोलवायचे. त्या दिवशी थोरला भाऊ आला. मी काही सांगायच्या आधीच तो म्हणाला, मासेमारीच्या होडीवरचा एक माणूस सोडून गेलाय, पावसाळा सरेपर्यंत तुझी जागा मी धरून ठेवतो, परत ये. समुद्राची मला लहानपणापासून भीती. होडीत बसलो की मला उलट्या होतात, हे भावालाही माहीत होतं. पण त्याच्या लेखी शाळा सोडलेल्याला दुसरी जागाच नव्हती. मी म्हणालो, बघतो.

उरलेल्या दिवसांत मी वेड्यासारखा रियाज केला. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी मोटारी सुरू होऊन दाब पडला, टेप हळू व्हायला लागला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आता मला थांबावं लागत नव्हतं. पडदेच नव्हते, तर बोट सरकवलं की झालं. गाणं खाली जाईल तसा मीही त्याच्याबरोबर खाली जायचो. मोटारी बंद झाल्या, सूर चढायला लागला की त्याच्याबरोबर वर. कितीतरी दिवस मी त्या आजारी टेपच्या मागं मागं फिरलो. डोळे मानेवरच्या रेघांवरून उठले आणि सगळं कामकाज कानांकडं गेलं.

मोसम संपत आला तेव्हा एका बंजारा तांड्यावरच्या लग्नाचं काम लागलं. तांड्यांवर मालकांचा फारसा शिरकाव नव्हता, आणि हे तांड्याच्या नायकांच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखांच्या घरचंच लग्न. इथं नाव झालं तर आसपासचे सगळे तांडे आपले, असं मालक टेम्पोत बसल्यापासून सांगत होते. मी बास बरोबर घेतला होता. मालकांनी बघितलं. "हे काहून आणलं?"

"सवय, मालक."

"राहू दे मग, टेम्पोत."

दुपार कलली होती. कडुलिंबाच्या सावलीत मंडप, समोर नगारा आणि थाळी घेऊन बसलेली दोन माणसं. आम्ही सामान मांडलं. मी बॉक्स लावला, सळईवर मिठाचं पाणी ओतलं आणि मिक्सरजवळ खाली बसलो. गायकानं माइक हातात घेतला तेव्हा नायकांनी हात वर केला. ते म्हणाले, त्यांच्याकडे मंडपात पहिलं गाणं बायकांचं असतं. ते झाल्याशिवाय बाहेरच्या वाजंत्र्यांनी सुरुवात करायची नाही.

मालकांना यातच संधी दिसली. "नायक, मग बायकांच्या गाण्याला आमी साथ देतो की. माइक देतो, म्युझिक देतो. तांड्यावर असं कधी झालं नसंल."

नायकांनी म्हाताऱ्या बायकांकडे बघितलं. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईला सगळे याडी म्हणत होते, म्हणजे आई. हातभर बांगड्या, ओढणीवर आरसे, चालताना वाकलेली. तिनं खांदे उडवले. म्हणजे काय करायचं ते करा.

बायकांनी गोल केला, टाळ्या धरल्या आणि गायला सुरुवात केली. अर्ध्या बायका एक ओळ म्हणायच्या, उरलेल्या तीच ओळ परत उचलायच्या. मास्तरांनी बटण दाबलं. ढिंग चिक ढिंग चिक सुरू झालं आणि दोन ओळींत बायका एकीकडे आणि मशीन दुसरीकडे. बायका ओळीच्या शेवटाला मनाला येईल तेवढ्या थांबायच्या, मशीन थांबायचं नाही. याडी गाणं सोडून काहीतरी बोलली आणि सगळा गोल खिदळला. नायकांनी हसू दाबत सांगितलं, "ती म्हणते, तुमचं जनावर नवं दिसते, गाडीच्या पुढं पळून राहिलं."

मालकांचा चेहरा उतरला. मास्तरांनी ताल बंद करून नुसता सूर धरला. पण सूरही जुळेना. त्यांनी पांढरी पाच पट्टी दाबली, बायका तिच्या वर. तिच्या लगतची काळी चार दाबली, बायका तिच्या खाली. दोन्हींच्या मध्ये कुठंतरी त्यांचा सूर होता, आणि तोही एका जागी उभा नव्हता. दर फेरीला तो तसूभर वर चढत होता. गाण्यात जीव यायला लागला की माणसाचा सूर चढतोच. त्या कीबोर्डात सूर बारीक बारीक सरकवायची सोय होती हे पुढं कळलं. पण चालत्या गोलात कोण बटणं शोधत बसणार, आणि शोधलं तरी पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

बायका थांबल्या. वऱ्हाडात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, नगाराच बरा. मालक घाम पुसत हसले आणि मला कळलं की हा माणूस आता घाबरला आहे. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि माझ्याकडे बघितलं. "बाबू, तेरा निकाल. इनका सूर मेरे डब्बे में नहीं है. तेरे पास होगा."

मी मालकांकडे बघितलं. ते म्हणाले, "माझ्याकडं काय बघतूस? आण."

मी टेम्पोकडे गेलो. चटई सोडताना गाठ सुटेना, ती दातांनी सोडवली. वायर लावली. सूर लावायच्या नादाला लागलो नाही, कुठला लावणार? याडीसमोर गेलो आणि म्हणालो, "आजी, तुमी म्हणा. मी मागून येतो."

नायकांनी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि हे मराठीतच म्हणाली, "मागंच राय."

त्यांनी पुन्हा गोल धरला. पहिली फेरी मी वाजवलंच नाही, नुसतं ऐकलं. दुसऱ्या फेरीला जाड तारेवर बोट ठेवलं आणि हलकेच सरकवत नेलं, जिथं त्यांचा सूर होता तिथं. दोन रेघांच्या मध्ये, कुणीही न आखलेली जागा. सूर टेकला तेव्हा मला तो आधी छातीत कळला, मग कानाला. मी चाल वाजवायच्या भानगडीत पडलो नाही. त्यांच्या गाण्याच्या खाली एकच सूर ठेवला, ओळीच्या शेवटाला त्या थांबल्या की मी थांबायचो, त्या उचलायच्या की मी उचलायचो. नगारेवाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि नगारा हलका केला. त्या चढल्या, मी चढलो. आणखी चढल्या, आणखी चढलो. कपाटाला कान लावून केलेली ती सगळी मेहनत उलट्या दिशेनं कामाला आली होती, आणि मला त्याचा विचार करायलाही फुरसत नव्हती.

मग एक गोष्ट झाली. याडी गोलातून निघाली आणि बॉक्ससमोर येऊन उभी राहिली. तिनं तळहात बॉक्सवर ठेवला. काही वेळ तशीच उभी राहिली, मग बाकीच्या म्हाताऱ्यांना हातानं बोलावलं. त्याही आल्या, त्यांनीही हात टेकवले, एकमेकींकडे बघितलं. मग सगळ्या परत गोलात गेल्या आणि जे गायल्या, तसं गाणं मी त्यानंतर फार थोड्या वेळा ऐकलं. एक गाणं संपायचं म्हणता म्हणता त्यातून दुसरं निघायचं. बांगड्या वाजत होत्या, धूळ उडत होती, नवरीही उठून गोलात शिरली. आमचा गायक माइक मांडीवर ठेवून बसून राहिला. मालक त्याला म्हणाले, "बस रे, तुझं बी येईल." पण ते सांगताना त्यांचा पायही तालावर हलत होता.

कधीतरी त्या थकल्या. याडी माझ्याजवळ आली, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

नायक मालकांना म्हणाले, "तुमचं मशीन आणा, नका आणू. हा जाड आवाज पायजे. पुढच्या लग्नात याडीनं विचारलं अन् हा नसला तर मी तिला काय सांगू?"

"असंल की," मालक म्हणाले. "तो तर आपला घरचाच हाय."

मास्तरांनी मला डोळा मारला. मग आमचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच गाण्याला मास्तरांनी ताल लावला आणि मला दिसेल अशा बेतानं बासचं बटण बंद केलं. त्या दिवशी मी कॅसेटीतली सगळी गाणी वाजवली, जशीच्या तशी, आणि माझं एकही बोट चुकीच्या जागी पडलं नाही. गायक एकदाही माझ्याकडे वळला नाही. वाजवताना आपण चांगलं वाजवतोय हे कळणं मला माहीत नव्हतं. तोवर मला फक्त चुकतोय का एवढंच कळायचं.

परतीच्या टेम्पोत मालक माझ्याशेजारी येऊन बसले. कळमनुरीचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाले, "मशीनला ताल वाजवू दे. खालचं तू बघ." आणि थोड्या वेळानं, "त्या तारा फिरून उकळायच्या तर सांग, घरवालीला मी समजावतो."

पुढच्या मोसमात त्या भागातले किती तांडे आमच्याकडे आले ते मी मोजलं नाही. बोलवायला येणारा माणूस मालकांना पार्टीचं नाव विचारायचा नाही, "तो बिगर पडद्याचा हाय का तुमच्याकडं" असं विचारायचा. मी मालकांचा, मास्तरांचा, त्या सुताराचा आणि याडीचा ऋणी आहे. मला अजूनही प्रत्येक कार्यक्रमाआधी घाम सुटतो, मी अजूनही वायर तीनतीनदा तपासतो. पण कुणी काढून टाकेल ही भीती गेली ती गेलीच.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीडी बूथवर गेलो. आई फोनवर आली. मी म्हणालो, "आये, माका हंयच ठेवल्यानी."

"कोणी?"

"तांड्यातल्या बायकांनी."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "कसल्या बायकांनी रे?"

तिला सगळं समजावून सांगेपर्यंत बूथबाहेर उभी असलेली माणसं हसायला लागली होती. तिला बास कळला नाही, पडदे कळले नाहीत, पण म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली हे कळलं. "मगे बरां," ती म्हणाली आणि नाक ओढायला लागली. तेवढ्यात भावानं फोन घेतला. त्यालाही थोडंफार ऐकू गेलं असणार, कारण त्यानं एकच विचारलं.

"मगे होडयेर दुसरो माणूस बघू मां?"

"बघ," मी म्हणालो.